बरक्याचं रोप

मागच्या अंगणातला आंबा वळवाच्या वाऱ्यात पडला तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. सासऱ्यांनी लावलेला रायवळ आंबा होता. फळ लहान, आंबट आणि दोऱ्यांनी भरलेलं; पानं मात्र बारा महिने. लग्न होऊन बेळगावच्या या घरात आल्यापासून ती पानं मीच झाडत आले. शाळेची नोकरी होती तेव्हा शाळेत जायच्या आधी झाडायची, निवृत्त झाल्यावर चहा झाल्यावर झाडायची, एवढाच काय तो फरक. झाड कंपाउंडच्या भिंतीवर आडवं झालं, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी थोडक्यात वाचली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा ऊन आलं. मी त्या उन्हात मिरच्या वाळत घातल्या.

आमचे हे मात्र बुंध्याशेजारी खुर्ची टाकून बसले. वीज खात्यात आयुष्यभर तारांवर आलेल्या फांद्या तोडून घेणारा माणूस, पण घरच्या झाडापुढे अगदी पोरका झाला होता. मी चहा तिथंच नेऊन दिला. दु:ख खरं असलं की ह्यांना दोन कप चहा लागतो, हे मला माहीत आहे.

खरं सांगायचं तर त्या आंब्याचा उपयोग खाण्यासाठी कमी आणि नणंदेला बोलावण्यासाठी जास्त होता. आक्का, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, निपाणीला दिलेल्या. आंबे उतरवायचे ठरले की सासूबाई निपाणीला फोन लावायच्या आणि तीनच शब्द बोलायच्या, आंबे उतरवतोय, ये. आक्का यायच्या, आठवडाभर राहायच्या, माळ्यावर अढी घालायच्या, मला चार कामं सांगायच्या, मी केलेल्या आमटीत गूळ कमी आहे म्हणून नाक मुरडायच्या आणि जाताना पोतंभर वानवळा घेऊन जायच्या. ते आंबे निपाणीत कोण खात होतं देव जाणे. पण माहेरचा वानवळा म्हटल्यावर त्याला आंबट म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आमच्याकडं लेकीनं माहेरी यायचं तर काहीतरी निमित्त लागतं. सण, बारसं, कोणाचं आजारपण, नाहीतर झाडाचं फळ. उगीच आलेल्या बाईला शेजारीण फाटकातच विचारते, काय गं, सगळं बरं हाय न्हवं? भाऊही उगीच बोलावत नाही. त्यात वाकडं काही नसतं, त्याला ते सुचतच नाही. ह्यांचा बहिणीवर जीव आहे, पण तो जीव फोन उचलून कधी बोलत नाही.

सासूबाई गेल्या. मग घर ह्यांच्या नावावर करायचं झालं, तेव्हा आक्कांनी कचेरीत येऊन आपला हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. कुठं करायची ते विचारलं, चष्मा मागितला आणि सही केली. आम्ही खडेबाजारातून साडी घेऊन दिली. त्यांनी काठ बघून चांगला आहे म्हटलं. आमच्यात हे असंच होतं, आणि ज्या बहिणी असं करत नाहीत त्यांच्याबद्दल लोक बरीच वर्षं बोलतात. मीही माझ्या माहेरी अशीच सही केली आहे.

त्यानंतर आक्का येत राहिल्या, पण निमित्तं पातळ होत गेली. निपाणीत दातांचे डॉक्टर गल्लीगल्लीत असताना त्यांना बेळगावचाच डॉक्टर लागायला लागला. पुतणीच्या लग्नाचं कापडचोपड बघायला त्या एकदा आल्या आणि मग ते पालटून घ्यायला पुन्हा आल्या. कर्नाटकात बायकांना बस फुकट झाल्यावर आधार कार्ड पर्समधून काढून दाखवत म्हणाल्या, तिकीट पडत न्हाय, म्हणून आले. हे निमित्त त्यांनी दोनदा वापरलं. दोन्ही वेळा आम्ही ते खरं मानल्यासारखं केलं. एकच निमित्त पक्कं उरलं होतं, मे महिन्यातल्या आंब्याचं, आणि आता तेही भिंतीवर आडवं झालं होतं.

झाड तोडून नेलं, खड्डा बुजवला, आणि आता तिथं काय लावायचं यावर आमच्या दोघांचं बोलणं सुरू झालं. मला लिंबू हवं होतं. लहान झाड, रोजच्या कामाचं, पानं कमी. ह्यांना चिक्कू हवा होता, कारण ह्यांना गोड चालत नाही आणि म्हणूनच फार आवडतं. दोघं आपापल्या जागी ठाम होतो. मध्ये एकदा फोनवर ह्यांच्या तोंडून बहिणीला निसटलं की झाड आणायचं चाललंय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराला रांगोळीची रेघ ओढत होते, तर फाटकात आक्का उभ्या. पहाटेची बस धरून आलेल्या.

"मी नसताना झाड आणणार हुता व्हय?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, आधी चहा घ्या.

खानापूर रस्त्याला बऱ्याच नर्सऱ्या आहेत. आषाढ होता, पाऊस जरा उघडला होता, आणि सगळ्या गावाला एकाच दिवशी झाडं लावायची हुक्की आल्यासारखी तिथं गर्दी होती. आम्ही आमच्या जुन्या गाडीतून गेलो. आक्का पुढं बसल्या, मी मागं. वाटेत त्यांनी आजोळच्या गोष्टी काढल्या. आजोळ जांबोटीकडचं, बस दिवसातून एखादी, ती चुकली की चालत. तिथं मामाच्या परड्यात फणस होते, आणि फणस फोडला की वाडीतली सगळी घरं जमायची, हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्या फणसाची वाटणीही मी करून दाखवू शकेन. ह्यांनी नेहमीसारखं हुं हुं केलं.

नर्सरीची मालकीण कन्नड बोलणारी, जाडजूड, व्यवहाराला चोख बाई होती. आक्कांचं कन्नड माझ्यापेक्षा मोडकं, पण आवाज मोठा असल्यानं चांगलं वाटतं. रोप कसं बघायचं ते मात्र त्यांना येतं. उंच रोपाकडं त्या बघत नाहीत. काळी पिशवी उचलून खाली मूळ फाटून बाहेर आलंय का बघतात, कलमाचा जोड बोटानं दाबून बघतात, शेंड्याला नवी पालवी आहे का बघतात. त्यांच्यामागून मी पिशव्या सरळ करत चालले होते.

पहिलं लिंबू बघितलं. चांगलं टवटवीत होतं. आक्का म्हणाल्या, ह्याला टोपलीभर लिंबं लागली तरी तू लोणचं घालून मोकळी होशील. मी म्हटलं, त्यासाठीच तर हवंय. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग ह्यांनी चिक्कू दाखवला. आक्कांनी विचारलं, एका वेळी किती पिकतात? मालकिणीनं सांगितलं, थोडे थोडे, बरेच दिवस पुरतात. हा मोठा गुण आहे असं तिला वाटलं असावं. आक्का म्हणाल्या, मग नको. पेरू येताजाता तोडून संपतो म्हणून नको. आंब्याचं ठेंगणं कलम होतं, त्याला डझनभर फळं येतात म्हणून नको. दोन माणसांना तेवढी पुरतात.

मला राग यायला लागला होता. आधीच कोणतं झाड यावर आमचं एकमत नव्हतं, त्यात ही तिसरी परीक्षक. प्रत्येक झाडाचा गुण ऐकला की त्यांना तोच दोष वाटत होता. चाळीसेक वर्षं मी मुलांना गणित शिकवलं. मुद्दाम उलटं उत्तर लिहिणारी पोरं मला ओळखू येतात. यांना झाड घ्यायचंच नाही, फक्त दिवस घालवायचाय, असं मला वाटलं. ह्यांच्या कानात तसं सांगितलंही. ह्यांनी हुं केलं.

मग आक्कांनी फणस विचारला.

मालकीण खुलली. तिच्याकडं कापा फणसाची चांगली कलमं होती. कापा म्हणजे ज्याचा गरा खुसखुशीत असतो, सुटा निघतो, डब्यात घालून ठेवता येतो; बाजारात मागणी त्यालाच. चार-पाच वर्षांत फळ धरतो म्हणाली. मला फणस मुळीच नको होता, पण कापा असेल तर निदान गरे तळता येतात, असा विचार मी करत होते. तेवढ्यात आक्कांनी विचारलं, बरका हाय का?

मालकिणीला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. तिनं मराठीत विचारलं, कन्नडमध्ये विचारलं. बरका म्हणजे लिबलिबीत गरा, हातातून सटकणारा. सकाळी फोडला तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास यायला लागतो. रानात आपोआप उगवलेला असला तर माणूस खातो, पण त्याचं रोप विकत कोणी नेत नाही. ती म्हणाली की इतकी वर्षं धंदा करते, पण बरका मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघते.

बरक्याचं कलम तिच्याकडं नव्हतं, कोणाकडंच नसतं. पण कापा कलम करायला खाली जे खुंटाचं रोप लागतं, ते बरक्याच्याच आठळ्यांपासून, म्हणजे बियांपासून, उगवलेलं असतं. असं एक रोप पाण्याच्या टाकीमागं पडून होतं. त्याच्यावर बांधलेली कलमाची काडी वाळून गेली होती आणि खालून खुंटानं आपलंच डोकं वर काढलं होतं. आक्कांनी ते शोधून काढलं. वाळकी काडी अजून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधलेली होती. मालकीण म्हणाली, हे कलम फसलंय, फेकायला ठेवलंय, सात-आठ वर्षं फळ यायचं नाही, आणि आठळीच्या झाडाची खात्री देवसुद्धा देत नाही. बरकाच निघेल असंही नाही.

"निघंल," आक्का म्हणाल्या. "हेच द्या."

इथं मात्र ह्यांचा संयम सुटला. आमचे हे बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा साठलेलं सगळं एकदम बोलतात. फणस घराच्या पायात मुळं घालतो, वर जाऊन तारांना लागतो, फळ डोक्यावर पडलं तर माणूस उठत नाही, आणि एवढं करून खायचा तो चिखल, असं सगळं ऐकवून झालं. शेवटी म्हणाले, "आक्का, ऱ्हाणार आमी, झाडणार आमी. घर आमचं हाय. झाड आमी ठरवतो."

ह्यांच्या मनात काही नव्हतं. ते वाक्य बोलून ते चिक्कूच्या रांगेकडं गेलेसुद्धा. पण आक्का टाकीमागं तशाच उभ्या राहिल्या आणि पिशवीवरचा चिखल अंगठ्यानं पुसत राहिल्या. त्यांनी पदर डोळ्याला लावला असता तर मला काय करायचं ते कळलं असतं. त्या नुसता चिखल पुसत होत्या. कचेरीत सही केली तेव्हा त्यांचं तोंड असंच होतं, हे मला आत्ता आठवलं.

मी म्हटलं, आक्का, कापा घेऊया. मी ह्यांना सांगते. चार वर्षांत फळ येईल, तुम्हालाही खायला मिळेल.

त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कापा घरात ऱ्हातोय गं. डब्यात घालून फ्रिजमधी ठेवशीला आणि तुमी दोघं बसून खाशीला. बरका फोडला की सांजच्याला नासतोय. माणसं बोलवायलाच लागत्यात." मग चिक्कूच्या रांगेकडं मान करून म्हणाल्या, "त्याला माझी आठवण यायची न्हाय. फणसानंच करून द्याया पायजे."

इतका वेळ त्या उलटं उत्तर लिहीत नव्हत्या. गणितच दुसरं होतं, आणि त्यांनी ते पायरी पायरीनं बरोबर सोडवलं होतं. लिंबू लोणच्यात जातं, चिक्कू पुरवून पुरवून खाता येतो, पेरू संपतो. ज्याच्यासाठी माणसं बोलावल्याशिवाय गत्यंतर नाही असं एकच फळ त्यांना सापडलं होतं, आणि ते घ्यायला त्या सकाळच्या पहिल्या बसनं आल्या होत्या.

तरी मी हिशेब सांगितलाच, सवय जात नाही. म्हटलं, सात-आठ वर्षं लागतील आक्का. त्या म्हणाल्या, लागू देत, तोवर केवढं झालंय ते बघायला यायचंच की. ते रोप मी त्यांच्या हातातून घेतलं, साडीला चिखल लागला, आणि ह्यांना जाऊन सांगितलं की हे घ्यायचं. हे म्हणाले, तुला लिंबू पायजे हुतं न्हवं? मी म्हटलं, आता बरका पायजे. का, ते सांगितलं नाही. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं, दोन बायका एक झाल्यावर आपलं घोडं पुढं जात नाही हे ओळखलं आणि गाडीची डिकी उघडली. मालकिणीनं फसलेल्या कलमाचे पैसे घेतले नाहीत. त्यामुळं ह्यांचा राग निम्मा तिथंच उतरला.

घरी येऊन भिंतीपासून लांब, तारांपासून लांब अशी जागा धरली. ह्यांनी खड्डा खणला, मी शेणखत आणून दिलं, आक्कांनी पिशवी फाडून मुळांची माती न सांडता रोप बसवलं आणि वाळक्या काडीची पट्टी सोडून टाकली. त्या दिवशीही माझ्या आमटीत गूळ कमी होता. दुपारची बस धरून त्या निघून गेल्या. मी थांबा म्हटलं, पण काम झालं होतं, आणि काम झाल्यावर माहेरी थांबायची त्यांना सवय राहिली नव्हती.

पुढं त्यांचे फोन यायला लागले, झाडाला पाणी घातलं का, नवी पानं आली का. एकदा बघून जायला आल्या, रोपाशेजारी उभ्या राहिल्या, आणि ते कंबरेलाही लागत नाही हे बघून जरा ओशाळल्यासारख्या झाल्या. एवढ्याशा रोपाला पुन्हा पुन्हा काय बघायला यायचं? दुसऱ्यांदा आल्या नाहीत. माझ्या डोक्यात मात्र ते घोळत राहिलं. मी भावनेनं चालणारी बाई नाही. पण उत्तर समोर दिसत असताना माणूस आठ वर्षांचा वळसा घेतो, हे मला गणितवाली म्हणून बघवेना.

श्रावण संपत आला होता. मीच निपाणीला फोन लावला आणि सांगितलं, आक्का, शनिवारी या.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

मी निमित्त शोधलं. पंचमी होऊन गेली होती, गौरींना अजून अवकाश होता, घरात पूजा नव्हती, झाड होतं तेवढंच होतं. म्हटलं, काही नाही, असंच. त्यांनी दोनदा वार विचारून घेतला. मग बरं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी ह्यांना फोन करून विचारलं, घरात कोण आजारी आहे. हे म्हणाले, कोणी नाही. त्यांना पटलं नाही. तुझ्या आवाजावरनं कळतंय, म्हणाल्या. ह्यांचा आवाज कायमच तसा आहे, पण ते आता कोण सांगणार?

शनिवारी आक्का आल्या त्या आजाऱ्याला भेटायला यावं तशा आल्या. हातात मोसंबी, पावाचा पुडा आणि ग्रामदेवाच्या अंगाऱ्याची पुडी. चपला न काढता सरळ पुढच्या सोप्यात गेल्या. हे पेपर वाचत बसले होते, त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. मग माझ्याकडं आल्या, माझा हात धरून मला उजेडात नेलं आणि डोळ्याखाली बघितलं. शेवटी तिथंच उभ्या राहून म्हणाल्या, "कुनाला काय झालं न्हाय, तर बोलावलीस कशाला?"

"असंच," मी म्हटलं. "सांगितलं होतं की."

त्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. सासूबाई गेल्या तेव्हा सगळ्यांना सांभाळत फिरणारी ही बाई, अंगाऱ्याची पुडी मुठीत धरून लहान पोरीसारखी रडत होती. ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि कोणी गेलं की काय अशा तोंडानं माझ्याकडं बघायला लागले. मी खूण करून त्यांना बसून राहा म्हटलं. बऱ्याच वेळानं आक्कांनी डोळे पुसले.

"लगीन झाल्यापासनं असंच म्हणून कुनी बोलावलं न्हवतं गं," त्या म्हणाल्या. "आईनंबी न्हाय."

माझं माहेर नंदगडचं. तिथं तीन भाऊ आहेत, तिघंही चांगले. मी उभ्या उभ्या आठवून बघितलं, एकेका भावाचं, वडील होते तेव्हाचं, आई होती तेव्हाचं. मलाही असंच म्हणून कोणी बोलावल्याचं आठवेना. मी आक्कांशेजारी पायरीवर बसले, त्यांच्या पिशवीतलं एक मोसंबं घेतलं आणि सोलायला लागले.